परदेशी जाताना लसीचं प्रमाणपत्र: पासपोर्ट समोर उघडून करायची कामं

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता, वाशीच्या सेक्टर 17 मधल्या आमच्या ऑफिसचं शटर अर्धं खाली आलेलं असताना, कोपरखैरण्याच्या एक काकू वाकून आत आल्या. मुलगा मंगळवारी रात्री नैरोबीला निघणार होता, कंपनीच्या कामाला, तीन आठवड्यांसाठी. "लसीचं सर्टिफिकेट लागतं म्हणे. हे बघ, मी जपून ठेवलंय," म्हणत त्यांनी पर्समधून एटीएम कार्डाएवढं प्लास्टिकचं कार्ड काढलं. कोविशिल्डचे दोन डोस, 2021. त्यावरचा क्यूआर करंगळीच्या नखाएवढा.

ते कार्ड बघायला आता कुणी बसलेलं नाही. मुलाला हवी होती पिवळ्या तापाच्या लसीची पिवळी पुस्तिका. तीही जाताना नव्हे, परत येताना, आपल्याच मुंबईत. आणि ती लस टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होते. मी कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजायला लागलो तशी काकूंनी खुर्ची ओढली.

असे लोक आठवड्याला दोनतीन तरी येतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतो आहे.

आधी पूर्ण वाट लिहा

"कुठे जाताय?" एवढं विचारून भागत नाही. कागदावर लिहा: निघणार कुठून, विमान बदलणार कुठे, तिथे किती तास, उतरणार कुठे आणि परत येणार कुठल्या वाटेनं. लसीची अट तीन ठिकाणांहून येऊ शकते: ज्या देशात जाताय तिथून, मधल्या देशामुळे, आणि परतताना भारताकडून. हे तिसरं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

घाना किंवा युगांडात उतरणाऱ्या प्रत्येकाला, तो कुठूनही येवो, पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. केनिया आणि ब्राझीलचं तसं नाही. भारतात पिवळा ताप नाही, म्हणून भारतातून थेट येणाऱ्याकडे ते मागत नाहीत. पण तिथून परत येणाऱ्याकडे भारत मागतो. कारण साधं आहे. हा आजार पसरवणारा एडिस डास आपल्याकडे भरपूर आहे, डेंग्यूचा डास तोच. माणसंही दाटीवाटीनं राहतात आणि लस जवळजवळ कुणीच घेतलेली नाही. फक्त विषाणू आलेला नाही, आणि तो येऊ नये म्हणून आपला नियम कडक आहे. प्रमाणपत्र नसेल किंवा लसीचे दहा दिवस पुरे झाले नसतील, तर विमानतळावरून घरी न जाता सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागतं.

मधला थांबाही मोजला जातो. अदिस अबाबामार्गे स्वस्त तिकीट मिळतं म्हणून लोक ते घेतात आणि इथिओपियाहून येणाऱ्याकडेही भारत हेच प्रमाणपत्र मागतो हे विसरतात. विमानतळाच्या बाहेर पाऊलच टाकलं नसेल, तर इथला आरोग्य अधिकारी सूट देऊ शकतो. पण ती त्यानं मानली तर. त्याच्या भरवशावर तिकीट काढू नका.

खात्री कुठे करायची? त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर आणि विमान कंपनीकडे. चेक-इन काउंटरवरची मुलगी तुमच्या मेहुण्याचा अनुभव ऐकून घेत नाही. तिच्या पडद्यावर टायमॅटिक नावाची यादी असते, त्यात देशोदेशीच्या प्रवेशाच्या अटी असतात. त्यात 'हवं' लिहिलेलं असेल तर हवंच.

कोविडचं प्रमाणपत्र: लागत नाही, तरी काढून ठेवा

जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडची आणीबाणी 5 मे 2023 रोजी संपवली. अमेरिकेनं परदेशी हवाई प्रवाशांवरची लसीची सक्ती 12 मे 2023 पासून उठवली, आणि बाकीचे देशही एकेक करून मोकळे झाले. तरीही एखादं विद्यापीठ, जहाज कंपनी किंवा रुग्णालयात नोकरी देणारा मालक ते अजून मागतो. घरबसल्या अर्ध्या तासाचं काम आहे, करून टाका.

कोविनच्या संकेतस्थळावर मोबाईल नंबर टाकला की ओटीपी येतो. आत गेल्यावर त्या नंबरावर नोंदवलेली घरातली सगळी माणसं दिसतात. ज्याचं हवं त्याच्या नावाखालून प्रमाणपत्र उतरवून घ्या. तिथे साधं आणि आंतरराष्ट्रीय प्रवासाचं असे दोन प्रकार आहेत. दुसऱ्यासाठी पासपोर्ट क्रमांक आणि पूर्ण जन्मतारीख भरावी लागते.

जन्मतारखेचीही एक गंमत आहे. सुरुवातीला आपल्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख नव्हतीच. 2021 च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटननं "तुमची लस चालेल, पण प्रमाणपत्राचं बघू" असा सूर लावला, भारतानंही जशास तसं केलं, आणि ऑक्टोबरमध्ये तो तिढा सुटला. त्याच सुमारास हा प्रवासाचा वेगळा नमुना आला. त्यावर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असतो. ते उलटं दिसतं म्हणून घाबरू नका.

मोबाईल नंबरच बंद पडला असेल तर? आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या ज्येष्ठांची हीच अडचण असते. 2021 मध्ये सुनेनं किंवा भाच्यानं स्वतःच्या नंबरावर नोंदणी केलेली असते. तो नंबर चालू असेल तर प्रश्न नाही, ओटीपी फोनवर विचारून घ्या. कोविनमधल्या 'रेज अ‍ॅन इश्यू' या भागातून घरातल्या एखाद्याची नोंद दुसऱ्या नंबराच्या खात्यात हलवण्याचीही सोय दिलेली आहे. डिजिलॉकर आणि उमंग अ‍ॅपवरूनही प्रमाणपत्र काढता येतं. तिथे प्रमाणपत्रावरचा लाभार्थी क्रमांक हाताशी ठेवा. जुनं प्लास्टिक कार्ड असेल तर तो त्याच्यावर सापडतो, एवढाच त्या कार्डाचा उपयोग.

नाव: इथे घाई करू नका

पासपोर्ट उघडा, फोटोचं पान. शेजारी प्रमाणपत्र ठेवा. पेन्सिल घ्या आणि एकेक अक्षर टेकवत जुळवा, शाळेत शुद्धलेखन तपासायचे तसं. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. डोळा नाव वाचतो, अक्षरं वाचत नाही. स्वतःच्या नावातली चूक तर माणसाला कधीच दिसत नाही.

मराठी नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत आणि उरलेलं सगळं 'गिव्हन नेम'च्या ओळीत. प्रमाणपत्रावर बहुधा आधार कार्डावरून आलेली एकच सलग ओळ. नावांचा क्रम मागेपुढे असेल तर सहसा कुणी अडवत नाही. मधलं नाव एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, इथे प्रश्न विचारले जाऊ शकतात. आणि स्पेलिंग! 'दत्तात्रय' हे नाव इंग्रजीत मी निदान सहा तऱ्हांनी लिहिलेलं पाहिलंय. 'श्री'मध्ये एच आहे की नाही, 'वैशाली'च्या शेवटी आय की दोन ई, 'वाघ' व्हीनं की डब्ल्यूनं. घरात एकाच आडनावाची दोन स्पेलिंगं असणारी कुटुंबं ठाण्यात ढिगानं आहेत.

सगळ्यात जास्त अडकतात त्या लग्न झालेल्या बायका. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं, आणि लस घेतली आधार दाखवून. अशा वेळी आधी ठरवा: पासपोर्टवरचं नाव बदलायचं आहे का? बदलायचं असेल तर ते पहिलं काम. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्या, नवा पासपोर्ट हातात येऊ द्या, आणि मगच लसीच्या कागदांना हात लावा. बदलायचं नसेल तर पासपोर्ट हा पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. प्रमाणपत्रासाठी पासपोर्ट बदलायला निघालेले लोकही मी पाहिलेत. त्यांना मी चहा पाजून बसवून ठेवतो.

कोविनवर नाव, जन्मवर्ष आणि लिंग यांतली दुरुस्ती एकदाच करता येते. एकदाच. म्हणून आधी पासपोर्टवरून बघून कागदावर लिहा, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावा, आणि मग टाईप करा. आमच्या एका ग्राहकानं लोकलमध्ये उभ्यानं ही दुरुस्ती केली. घणसोली ते ऐरोलीदरम्यान आडनावातला एक 'ए' गळला. पुढे त्याला विवाह नोंदणी दाखला, आधार, पॅन असं सगळं पुडकं घेऊन हिंडावं लागलं.

प्रमाणपत्रावर जुन्या पासपोर्टचा क्रमांक असेल आणि आता पासपोर्ट नवा झाला असेल, तर रद्द झालेला जुना पासपोर्ट सोबत ठेवा. तो फेकायचा नसतोच.

क्यूआर म्हणजे नुसता शिक्का नव्हे

त्या काळ्यापांढऱ्या चौकोनात तुमचं नाव, लस आणि तारखा हे सगळं असतं, शिवाय ते देणाऱ्याची डिजिटल सही असते. तपासणारा तो कोविनच्या पडताळणीच्या पानावरून वाचतो, आणि एका अक्षराची फेरफार झाली असली तरी सही जुळत नाही. त्यामुळे वर छापलेलं नाव पीडीएफमध्ये बदलून काही साधत नाही. वरचं एक आणि आतलं एक, अशी आणखी वाईट स्थिती होते.

माहिती जास्त म्हणून हा क्यूआर दाट असतो. दुकानातल्या पैशांच्या क्यूआरसारखा तो मोजक्या मोठ्या ठिपक्यांचा नसतो. म्हणूनच झेरॉक्सवाल्यानं कार्डाएवढा करून दिलेला वाचला जात नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलाही धूसर होतो. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून मूळ पीडीएफ पाठवा. ए-फोर कागदावर, पान न आवळता, काळ्या शाईत दोन प्रती छापा. लॅमिनेशन नको, दिव्याखाली चमकतं. छापून झाल्यावर दुसऱ्याच्या फोननं स्कॅन करून बघा.

पिवळ्या पुस्तिकेचा फोटो फोनमध्ये आहे म्हणजे डिजिटल प्रमाणपत्र आहे, असं मात्र नाही. तो फोटोच.

पिवळी पुस्तिका

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन चालत नाही. केंद्र सरकारनं नेमलेल्या केंद्रातच घ्यावी लागते, तरच पुस्तिका मान्य होते. मुंबईत विमानतळ आणि बंदर इथल्या केंद्र सरकारच्या आरोग्य संघटना ती देतात. पूर्ण यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. ठाण्याच्या, नवी मुंबईच्या माणसाला यासाठी अर्धा दिवस मोकळा ठेवावाच लागतो.

नुसतं उठून जाऊ नका. लसीच्या एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी एकदा तयार केली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून केंद्रं वार आणि वेळा ठरवून माणसं बोलावतात. आधी वेळ घ्या. मूळ पासपोर्ट न्या, पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत न्या, चालू औषधांची चिठ्ठी न्या. आणि नाश्ता करून जा.

डॉक्टरांना खरं सांगा. ही जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे. अंड्याची गंभीर अ‍ॅलर्जी, गरोदरपण, कर्करोगाचे उपचार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, थायमस ग्रंथीचा आजार यांपैकी काही असेल तर ते बोला. साठीच्या पुढच्यांना पहिल्यांदा देताना डॉक्टर जास्त विचार करतात. लस देणं योग्य नसेल तर तसं सहीशिक्क्याचं वैद्यकीय सूटपत्र मिळतं. मात्र ते मान्य करायचं की नाही हे समोरच्या देशाच्या हातात असतं, म्हणून दूतावासाला आधी विचारा. गोवर किंवा कांजण्यांची लसही घ्यायची असेल तर दोन्ही एकाच दिवशी, नाहीतर चार आठवड्यांच्या अंतरानं.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवतात. तो अर्धा तास पुस्तिका वाचण्यात घालवा. नाव आणि पासपोर्ट क्रमांक बरोबर आहे का? लसीची तारीख, बॅच क्रमांक, डॉक्टरांची सही, केंद्राचा शिक्का? एकदा मुंबईतल्या एका केंद्रात माझ्या बहिणीच्या पुस्तिकेवर शिक्का असा घसटला, की निम्मी अक्षरं गायब. मी खिडकीशी परत गेलो. "चालतं हो," असं उत्तर मिळालं. मी हललो नाही. दुसरा शिक्का मिळाला, तोही कुरकुरत. तुम्हीही हलू नका. घरी आल्यावर लक्षात आलं तर पुन्हा तीच लोकल आणि तीच रांग.

दहा दिवस असे मोजा: 3 तारखेला लस घेतली तर प्रमाणपत्र 13 तारखेपासून लागू. पुस्तिकेत ही तारीख वेगळी लिहिलेली असते. पूर्वी तिची मुदत दहा वर्षं होती. 11 जुलै 2016 पासून ती आयुष्यभराची झाली, आधी दिलेल्या पुस्तिकांनाही हेच लागू. तेव्हा 2012 ची पुस्तिका शाबूत असेल तर पुन्हा टोचून घ्यायला धावू नका.

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत 2024 मध्ये बदल झाले आणि ते 19 सप्टेंबर 2025 पासून लागू झाले. आरोग्याची कागदपत्रं डिजिटल रूपातही देता येतील असं त्यात आहे. दिशा चांगली आहे. पण तुमच्या हाती पिवळी पुस्तिका दिली असेल तर तीच मूळ. ती हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही. पैसे घेऊन, लस न टोचताच शिक्का मारून देणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. पकडले गेलात तर प्रवास जातो, न पकडले गेलात तर ताप येऊ शकतो, आणि या तापावर नेमकं औषध नाही.

शिकायला अमेरिकेला जाणारी मुलं

इथे प्रश्न विमानतळाचा नसतो, विद्यापीठाच्या आरोग्य विभागाचा असतो. प्रवेश मिळाला की त्यांचा फॉर्म येतो. तो आपल्या डॉक्टरांकडून भरून, सहीशिक्क्यासह त्यांच्या पोर्टलवर चढवायचा. न चढवल्यास पुढच्या सत्राची नोंदणी अडते.

बहुतेक ठिकाणी गोवर, गालगुंड, रुबेला यांच्या एमएमआर लसीचे दोन डोस मागतात, आणि अडचण इथेच येते. आपल्याकडे गोवराची लस नवव्या महिन्यात देतात. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाच्या आधीचा डोस धरत नाहीत. मग बाळाच्या कार्डावर दोन नोंदी असूनही मोजायला एकच उरते. दोन डोसांत किमान 28 दिवस हवेत, त्यामुळे जुलैत जाग आली तर ऑगस्टचं विमान अवघड. काही विद्यापीठं रक्तातली प्रतिपिंडं तपासलेला अहवालही मानतात, आधी ईमेल करून विचारा.

टीबीच्या चाचणीचंही तसंच. आपल्याला जन्मतः टीबीवरची बीसीजी लस दिलेली असते, त्यामुळे हातावर टोचून करायची मॅन्टू चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. पर्याय दिला असेल तर आयजीआरए ही रक्तचाचणी घ्या. तीही एमएमआर घेण्याआधी किंवा त्याच दिवशी, नाहीतर मग महिनाभर थांबावं लागतं.

बाळाचं कार्ड हरवलं असेल तर ज्या बालरोगतज्ज्ञांकडे लसी घेतल्या त्यांच्याकडे जुन्या नोंदी मागा. आता जन्मणाऱ्या मुलांचं बरं आहे. यू-विन या सरकारी लस-नोंदणीच्या पोर्टलवर नोंद झालेल्या लसींचं प्रमाणपत्र क्यूआरसह मिळतं. वीस वर्षांपूर्वीच्या बाळांना मात्र आईच्या कपाटातली फाईलच शोधावी लागते.

हजला जाताना

मुंब्रा, भिवंडी, कौसा इथून दरवर्षी माणसं जातात, त्यांच्यासाठी एवढंच: मेंदूज्वराची चार प्रकारांवरची लस, म्हणजे एसीडब्ल्यूवाय, पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. प्रमाणपत्र किती वर्षं चालणार हे लसीच्या जातीवर ठरतं: पॉलिसॅकराइड असेल तर तीन वर्षं, कॉन्जुगेट असेल तर पाच. कोणती दिली ते प्रमाणपत्रावर लिहून घ्या. लिहिलं नसेल तर कमी मुदतीची धरली जाऊ शकते.

निघण्याच्या आदल्या रात्री

पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवा, नुसती ईमेलमध्ये नको, विमानतळावरच्या नेटवर भरवसा कसला. छापील प्रत पासपोर्टच्या कव्हरमध्ये, दुसरी बॅगेत. एक प्रत घरी, ज्याला फोन केला तर तो उचलेल अशा माणसाकडे.

काकूंच्या मुलाचं पुढे काय झालं? सोमवारी टोचून मंगळवारी निघाला असता तरी परतताना दहा दिवस कधीच उलटून गेले असते, तेव्हा कागदाच्या हिशेबानं चाललं असतं. पण सोमवारी केंद्रात जागाच नव्हती. बुधवारी लस मिळाली. कंपनीनं तिकीट पुढं ढकललं, तो दोन आठवड्यांनी गेला आणि महिन्याभरानं आला. मुंबईत उतरल्यावर आरोग्य काउंटरवर पुस्तिका मागितली, बघितली, परत दिली.

ते प्लास्टिकचं कार्ड काकूंच्या पर्समध्ये अजून आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी ते पुन्हा काढून दाखवलं. आता त्यांना स्वतःला दुबईला जायचंय.